पिंपात चालली, तळ्यात थांबली

सकाळी उठून बघावं तर तळं जागेवर नव्हतं. धुक्यानं ते उचलून नेलं होतं आणि त्या जागी पिंजलेला कापूस पसरून ठेवला होता. धक्क्याच्या पहिल्या चार फळ्या दिसत होत्या, पाचवी अर्धी, आणि त्यापुढचं ज्यानं त्यानं आपापल्या कानांनी समजून घ्यायचं. बांधलेल्या होड्या एकमेकींना घासून कुरकुरत होत्या. थंडी अशी, की पाना हातात घेतला तर तोच आपल्याला धरून बसतोय असं वाटावं.

मोटरकाकूंना कानांनी समजून घ्यायची सवय जुनी. शेडच्या मागं त्यांचं पिंप होतं. छातीएवढं उंच, लोखंडी, काठावर जाड फळी ठोकलेलं. होड्यांच्या मागं लावायच्या मोटरी त्या फळीवर अडकवायच्या, पंखा पाण्यात बुडेल अशा, आणि दोरी ओढून चालू करायच्या. पाण्याशिवाय नाही. "कोरडी चालवाल तर आतलं रबराचं चाक जळेल. मग तिला पाणी कोण पाजणार, तुम्ही?" असं त्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारत. मोटर आधी धुराचा एक खोकला काढी, मग सुरात येई. सुरात आली की काकू स्टुलावर बसून एक कप चहा घेत. हीच परीक्षा. पहिल्या घोटापासून तळाच्या साखरेपर्यंत मोटरीनं सूर बदलला नाही तर ती पास. मध्येच अडखळली तर कप खाली आणि पाना वर. त्यापायी काकूंनी जन्मभरात गार चहा पुष्कळ प्यायला. पण काकूंच्या पिंपात चालली की तळ्यात चालणारच, हे या काठावर सूर्य उगवतो तितकं पक्कं धरलेलं होतं.

त्या सकाळी त्या पिंपात बादलीनं पाणी ओतत होत्या आणि धुक्यातून वल्ह्यांचा आवाज आला. काकू थांबल्या. एक वल्हं जोरात, दुसरं मरगळलेलं. होडी सरळ यायची सोडून चंद्रकोर काढत येत होती.

"मास्तर," काकू स्वतःशीच म्हणाल्या. "आणि मेव्हणे."

मोटर असून माणूस वल्हवत येतो याचा अर्थ एकच. बादलीतलं उरलेलं पाणी त्यांनी पायावरच सांडलं.

मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. काटकुळे, नीटनेटके, छातीच्या खिशात वही. वहीत वेळ, वारा, आमिष, मासा, माशाची लांबी, सगळं टिपलेलं. मेव्हणे म्हणजे त्यांच्या बायकोचे भाऊ. ते मास्तरांच्या दुप्पट. सगळं तळं त्यांना मेव्हणेच म्हणे. खरं नाव बहुधा त्यांच्या बहिणीलाच आठवत असेल.

"वहिनी, बंद पडली," मास्तर धक्क्यावर चढत म्हणाले. "बेट ओलांडलं आणि सहा वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी."

"परवाही तिथंच?"

"परवाही तिथंच. त्याआधीच्या आठवड्यातही तिथंच." वही उघडून त्यांनी दाखवलं. "ही तिसरी खेप."

"टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडला होता ना? तो बंद राहिला की टाकीतलं पेट्रोल बाहेर येत नाही."

"वहिनी, तुम्हीच शिकवलंत. निघायच्या आधी स्क्रू उघडायचा, नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबायचा, बंद करायची दोरी मनगटाला. तिन्हींपुढं टिक आहे." तीही दाखवली.

"मी सांगतो काय झालंय ते," मेव्हणे होडीतूनच म्हणाले. "मोटरीला वय झालंय. मास्तरांसारखं. निघायला जोर आणि अर्ध्या वाटेवर बसकण."

"हे बरोबर नव्हते तेव्हा चालली होती," मास्तर शांतपणे म्हणाले. "रविवारी मी एकटा फिरवून आणली. बेटाला वळसा घालून. त्यावरून काय ते समजा."

"म्हणजे माझं वजन?"

"मी फक्त नोंद वाचून दाखवली."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी मोटर उतरवून घेतली, खांद्यावर टाकली आणि पिंपाकडे चालू लागल्या. दोघांच्या वादात पडायला त्यांना वेळ नव्हता.

काकू मोटरीत कशा पडल्या ही साधी गोष्ट आहे. माहेरी वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. जुनी चादर अंथरायची, मशीन उघडायचं, आणि निघेल तो भाग निघेल त्या क्रमानं डावीकडून उजवीकडे मांडायचा. जोडताना उजवीकडून डावीकडे यायचं. शेवटी एखादा स्क्रू उरला तर सगळं परत उघडायचं. वडिलांनी हुंड्याबिंड्याच्या भानगडीत न पडता मुलीला पानेपकडींचा एक डबा दिला. लग्नानंतर नवऱ्यानं जुनी होडी घेतली, तिच्या मागं मेलेली मोटर फुकट आली. नवरा ती भंगारात टाकणार होता. काकूंनी चादर अंथरली. तिसऱ्या दिवशी मोटर बोलली, आणि काकांचा म्हणजे नवऱ्याचा चेहरा असा झाला, की बायकोनं मांजराला बोलतं केलं असावं.

तेव्हापासून वाटणी झाली. काका होड्या भाड्यानं देत, हौशी लोकांना मासे धरायला घेऊन जात. तळ्यावर त्यांच्यासारखा होडीवाला नाही, पण प्लग कुठला आणि पेन्सिल कुठली हे त्यांना विचारू नये. पाण्यावरचं ते बघत, काठावरचं काकू.

आणि काठावरचं म्हणजे अगदी काठावरचंच. एकतीस वर्षांत काकू एकदाच होडीत बसल्या होत्या, लग्नानंतरच्या चौथ्या दिवशी. काकांनी हात धरून बसवलं आणि दोर सोडायला वळले. दोर सुटायच्या आधीच सकाळचा नाश्ता बाहेर आला होता. काकूंना लहानपणी झोपाळाही सोसत नसे. त्या उतरल्या त्या उतरल्याच.

हे काही गुपित नव्हतं. पण कुणी विचारलंच नाही, कारण विचारायची वेळ काकूंनी येऊ दिली नाही. मोटर दुरुस्तीला आली की त्या आधी पंखा बघत. पात्यांना रिबिनीसारखं लांब गवत गुंडाळलेलं असलं तर माणूस वरच्या कोपऱ्यात गेला होता. काळा, वास येणारा चिखल असला तर बंधाऱ्यालगत. पात्याचा नवा टवका उडालेला असला तर बेटाचा खडक. मग जाता जाता विचारायचं, "काही लागलं का गळाला?" तीस वर्षं हे जोडत जोडत काकूंच्या डोक्यात सगळं तळं तयार झालं होतं. नवख्या माणसाला त्या बेलाशक सांगत, "सकाळी बेटाच्या सावलीच्या अंगाला जा. दोन वल्ह्यांइतकं खोल सोडा. उथळात शिरताना मोटर वर उचला, नाहीतर पंखा माझ्याकडे आणि तुम्ही वल्ह्यांवर. होडीत उभं राहायचं नाही, मासा केवढाही असो. आणि वल्ही घेतल्याशिवाय निघायचं नाही. मोटर जायला असते, वल्ही यायला." लोक जात आणि मासे घेऊन येत. मग कोण कशाला विचारेल, की तुम्ही कधी गेला होतात?

मोटर पिंपावर चढली. काकूंनी प्लग काढून नाकाला लावला. ओला, पेट्रोलचा वास भपकन आला.

"चोक ओढून ओढून बुडवलीत हिला."

"रागाच्या भरात," मास्तर म्हणाले. "दोरी चौदा वेळा ओढली."

"मोजलीत?"

"मी मोजली," मेव्हणे म्हणाले. "मला दुसरं काही काम नव्हतं."

हा ओला प्लगच काकूंना चकवत होता. प्लग ओला म्हणजे पेट्रोल पोचतंय. पेट्रोल पोचतंय आणि मोटर बंद पडते, तर ठिणगी मरते. म्हणून पहिल्या वेळी त्यांनी प्लग बदलला. दुसऱ्या वेळी कार्बोरेटर धुतला आणि ठिणगी देणारी कॉइलही नवी घातली. तापली की दगा देते तसली कॉइल असते एकेकदा. आता बदलायला उरलं काय? शेडच्या भिंतीवर खिळ्याला त्यांची स्वतःची छोटी टाकी टांगलेली असे. तिची नळी मोटरीला जोडली, प्लग पुसून बसवला, दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला मोटर सुरात आली.

काकूंनी एक कप चहा घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला मास्तर आणि मेव्हण्यांनाही दिला. मोटर शाळेतल्या हुशार मुलीसारखी एकसुरात पाढे म्हणत राहिली.

याच वेळी चिटणीस आले. तळ्यावरच्या मासेमारी मंडळाचे चिटणीस. पायात स्वच्छ बूट, बोलण्यात साखर.

"काकू, ऐकलं ते खरं का? पुन्हा बंद पडली?"

"आता चालतेय."

"इथं चालतेय." चिटणीसांनी पिंपाकडे असं बघितलं, की पिंपानं लाजावं. "येत्या रविवारी आपली सहल. बारा होड्या, बाराही मोटरी तुमच्या हातच्या. लेकुरवाळी माणसं येणार. मधल्या पाण्यात एक जरी थांबली तरी लोक मला विचारणार. शहरातल्या वर्कशॉपात यंत्रावर लावून तपासतात म्हणे. तुमचा मान आहेच, पण बाराही तिकडे पाठवाव्यात असं मंडळात चाललंय. आणि एकदा तिकडची घडी बसली की मग दरवर्षी तिकडेच."

काकूंनी हातातला कप फळीवर ठेवला. चहा अर्धा होता. मोटर नीट चालू असताना त्यांनी कप खाली ठेवलेला मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिला.

"उद्या सकाळपर्यंत थांबा," त्या म्हणाल्या. "नाही सापडलं तर बाराही मीच बांधून देते. पंख्याला कापड गुंडाळून."

दुपारी काका शेडच्या दारात बसून वल्ह्याला वॉर्निश लावत होते. काकूंनी चादर अंथरली होती, पण तिच्यावर काही मांडलं नव्हतं. नुसत्याच चादरीपुढं बसल्या होत्या.

"पिंपात बंद पडत नाही ना?" काकांनी मान न उचलता विचारलं.

"नाही."

"मग जिथं पडते तिथं जायला पाहिजे."

"मग जा की तुम्ही."

"मी जाऊन काय करू? मला ती बंद पडली एवढंच कळणार. तेवढं मास्तरांनाही कळतं."

काकूंनी चादरीवरची सुरकुती तळव्यानं सपाट केली.

"अहो, मला चक्कर येते."

"माहितेय. माझीच पँट होती ती."

आता मात्र त्या हसल्या. मग चादरीची घडी केली, घडीची पुन्हा घडी केली, आणि म्हणाल्या, "लाइफ जॅकेट कुठलं होईल मला?"

दुसऱ्या दिवशी धुकं विरळ होतं. काकूंनी कोरडा पाव खाल्ला, आल्याचा तुकडा दाढेखाली धरला आणि धक्क्यावर आल्या. जॅकेट उलटं घातलं होतं, पट्टे पाठीवर. रोज वीस माणसांना जॅकेटवरून झापणाऱ्या बाईला आज ते स्वतःच्या अंगावर उमजेना. काकांनी न बोलता ते काढलं, सुलटं घातलं, पट्टे ओढले.

"लांबच्या काठाकडे बघायचं," ते हळूच म्हणाले. "पाण्याकडे बघायचं नाही."

"तुम्ही येऊ नका."

"नाही येत."

"एकदा बघितलंत, पुरे झालं."

मेव्हण्यांच्या नजरेतून मात्र हे सुटलं नव्हतं. "काकू, तुम्ही आधी कधी बसलाच नाहीत की काय?"

"चला, उशीर होतोय," काकू म्हणाल्या.

चिटणीस घड्याळ बघत धक्क्यावर उभे होते. मास्तरांनी वहीत तिन्ही गोष्टींपुढं टिक केली आणि दोरी ओढली. काकू मोटरीजवळच्या फळीवर मास्तरांच्या शेजारी बसल्या, कान मोटरीकडे, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून. जागा नाही म्हणून मेव्हणे पुढच्या टोकाला गेले. धक्का मागं सरकला तसं काकूंच्या पोटातलं काहीतरी पुढं सरकलं. त्यांनी आलं चावलं आणि आवाजाला धरून राहिल्या. आवाज ओळखीचा होता. पिंपातला तोच सूर, नुसता मोकळा.

बेट आलं. बेट ओलांडलं. सहा चव्वेचाळीस झाले, पन्नास झाले. मोटर चालतच राहिली.

"आता बघा," मास्तर ओशाळून म्हणाले. "डॉक्टरकडे नेलं की पोराचा ताप उतरतो, तसं हिचं."

काकूंचा चेहरा हिरवट झाला होता. इथून तसंच परत जावं, मोटर चालली म्हणून सांगावं, जमिनीवर पाय ठेवावा, असं त्यांना फार फार वाटलं. रविवारी ती थांबली असती, एवढाच प्रश्न होता.

"मास्तर, रोज मी असते का इथं?"

"नाही."

"मग मी आहे म्हणूनच ती चालतेय. परत धक्क्याकडे घ्या. बेटाच्या अलीकडून पुन्हा निघू. मी पुढं बसते. तुम्ही दोघं रोज बसता तसे बसा. रोज बोलता तेच बोला. रोज खाता तेच खा."

जागा बदलताना होडी डचमळली. "उभं राहायचं नाही," काकू डोळे मिटून ओरडल्या आणि स्वतः रांगत पुढच्या टोकाला गेल्या. तिथं त्या मागं तोंड करून बसल्या. आता समोर मास्तर, मध्ये मेव्हणे, मागं मोटर. काकांनी लांबच्या काठाकडे बघायला सांगितलं होतं, पण काठ वर जात होता, खाली येत होता, आणि त्याच्याबरोबर पावही. काकूंनी नजर खाली आणली आणि होडीच्या तळाला चिकटवली. तळ हलत नव्हता. निदान त्यांच्याबरोबर हलत होता. तिथं मेव्हण्यांचे बूट होते, पिशवी होती, लाल टाकी होती, आणि टाकीपासून मोटरीकडे गेलेली काळी नळी होती. नळीच्या मध्यावर रबरी फुगा. जन्मभर बघितलेल्या गोष्टी. काकूंनी त्या एकेक करून बघायला घेतल्या, चादरीवर मांडल्यासारख्या, डावीकडून उजवीकडे.

बेट मागं पडलं. मेव्हण्यांनी नेहमीप्रमाणे घड्याळ पाहिलं, पिशवीतून थर्मास काढला, फळीवरच बूड फिरवून मास्तरांकडे तोंड केलं. होडी हलते, चहा सांडू नये म्हणून दोन्ही पाय फाकवून घट्ट रोवले. डावा बूट टाकीला टेकला. उजव्या बुटाची टाच टाकीजवळच, फुग्याच्या अलीकडे, नळीवर आली आणि तिथंच बसली.

काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

मेव्हण्यांनी एक कप भरला, मास्तरांना दिला. स्वतःचा भरला. उकडलेलं अंडं सोललं, टरफल पाण्यात टाकलं. मास्तरांनी टरफल टाकण्यावरून रोजचं एक वाक्य ऐकवलं. मोटर चालूच. कार्बोरेटरच्या वाटीत मिनिटभर पुरेल एवढं पेट्रोल असतं. ते कुणाच्या बुटाला घाबरत नाही. नळीवरचा फुगा मात्र काकूंच्या डोळ्यांदेखत बसत चालला होता. आधी गाल आत गेले, मग तो चपटा झाला, वाळक्या शेंगेसारखा.

मोटरीनं सूर बदलला. एकदा अडखळली, दोनदा अडखळली, आणि थांबली.

"पडली," मास्तर म्हणाले. "सात वाजून तीन."

मेव्हणे सवयीनं वल्ह्यांकडे उठायला लागले.

"मेव्हणे, हलू नका."

त्या आवाजात असं काही होतं, की मेव्हणे अंडं तोंडापाशी धरून गार झाले.

"मास्तर, ओढा दोरी. चोक न लावता."

मास्तरांनी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही. पाच वेळा झाली.

"आता मेव्हणे, उजवा पाय उचला. फक्त पाय."

मेव्हण्यांनी पाय उचलला. चपट्या फुग्यानं हळूहळू गाल भरले. मास्तरांनी खाली वाकून बघितलं आणि बघतच राहिले.

"फुगा दाबा चार वेळा. ओढा."

दुसऱ्या ओढीला मोटर सुरात आली.

मग मास्तर म्हणाले, "रोज बंद पडली की हे उठतात. हे उठले की नळी सुटते. मी वाकेपर्यंत फुगा भरलेला. मग मी रागानं चोक ओढतो आणि प्लग ओला करतो."

"तो ओला प्लग तुम्ही मला आणून दाखवता," काकू म्हणाल्या, "आणि मी ठिणगी शोधत बसते."

"म्हणजे वजनाचा काही संबंध नाही," मेव्हण्यांनी अंडं एकदाचं तोंडात टाकलं. "वहीत लिहा ते."

"टाचेचा आहे."

"टाचेचं लिहा. वजनाचं खोडा."

काकूंनी मोटर जरा वेळ बंद ठेवायला सांगितली. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. शांत झालं. बेट तिथंच होतं, हाताच्या अंतरावर वाटेल असं, आणि त्याच्या कडेला पाण्यात अर्धा बुडालेला एक करडा खडक. अंगावर पांढरे, चकाकणारे ओरखडे.

"हा का तो," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"याच्यापायी मी किती पंखे घासून सरळ केलेत, मास्तर."

खडकाच्या पलीकडे पाण्यात, वरच्या कोपऱ्याकडे पसरत गेलेलं लांब गवत डोलत होतं. रिबिनीसारखंच, पण मोटरीला गुंडाळून यायचं तसं तपकिरी नव्हे, हिरवंगार. ते डोलताना बघायला काकू जरा जास्तच वाकल्या. पाण्याकडे बघायचं नाही हे काकांनी सांगितलं होतं ते काही उगीच नव्हतं. कोरडा पाव आणि आल्याचा तुकडा तळ्यात गेला. मास्तरांनी सभ्यपणे वहीत तोंड घातलं. मेव्हण्यांनी पाण्याची बाटली पुढं केली.

"वहिनी, नोंद करू का?" थोड्या वेळानं मास्तरांनी विचारलं.

"आमिष म्हणून करा," काकू तोंड पुसत म्हणाल्या.

धक्क्यावर काका दोर झेलायला उभे होते. बायकोच्या चेहऱ्याचा रंग बघून त्यांनी काय ते ओळखलं आणि तिच्या चालीवरून उरलेलं ओळखलं. चिटणीस पुढं आले.

"काय निघालं? मोटरीत दोष होता ना?"

"मोटरीत काही नव्हतं. नवी कॉइल मी उगीच घातली, जुनी परत बसवून देणार आहे." काकूंनी जॅकेटचा एक पट्टा सोडला. "दोष माझ्या पिंपात होता. मी माझी टाकी लावते, माझी नळी लावते, भिंतीला टांगून. माझ्या पिंपात कुणी बूट घालून चहा पीत नाही."

चिटणीसांना हे नीट कळलं नाही, तेव्हा मेव्हण्यांनी धक्क्यावर दोर टाकून, त्याच्यावर टाच ठेवून, करून दाखवलं. अंडं सोलण्याच्या अभिनयासकट.

"हे शहरातल्या यंत्रावर सापडलं असतं?" काकांनी सहज विचारलं.

चिटणीस थोडा वेळ बुटांकडे बघत राहिले, बहुधा स्वतःच्याच. "बाकीच्या अकरा होड्यांत नळ्या कुठून जातात?"

"तेच बघायचंय," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारपर्यंत काकू बांधलेल्या बाराही होड्यांत उतरल्या. प्रत्येक वेळी काकांच्या खांद्याचा आधार घेऊन, प्रत्येक वेळी आधी एक मोठा श्वास घेऊन. मालकाला जागेवर बसवायचं, रोजचा डबा काढायला लावायचा, आणि पाय कुठं जातात ते बघायचं. तीन होड्यांत नळी सरळ पायांखालून जात होती. एकीत मासे ठेवायचा खोका नळीवरच बसत होता. त्याच्या मालकानं मान्य केलं, की मासे लागले त्या दिवशी मोटर कुरकुरते खरी, पण त्याला वाटायचं तिला दृष्ट लागते. काकूंनी सगळ्या नळ्या होडीच्या कडेनं वळवून घेतल्या आणि चापांनी बसवल्या.

"मग रविवारी ठरल्याप्रमाणं," चिटणीस निघताना म्हणाले. "मोटरी कुठं पाठवत नाही. पण काकू, तुम्ही पहिल्या होडीत हव्यात. लोकांना धीर येईल."

"कुठपर्यंत जाणार?"

"वरच्या कोपऱ्यापर्यंत."

काकूंनी काकांकडे बघितलं. काका वल्ह्यावरचं वॉर्निश वाळलं का ते नखानं बघत होते. ते केव्हाच वाळलेलं होतं, तरी अगदी मन लावून.

"बेटापर्यंत येईन," काकू म्हणाल्या. "पुढं हे नेतील. आणि चहा निघायच्या आधी काठावरच व्हायचा, हे आत्ताच सांगून ठेवते."

चिटणीस गेले. मास्तरांच्या मोटरीत जुनी कॉइल परत गेली. शेडच्या दारावर काकूंनी खडूनं लिहिलं, 'मोटरीबरोबर स्वतःची टाकी व नळी आणणे,' आणि जरा विचार करून खाली, 'बूट घालून येणे.' मग बाह्या वर सारल्या. पिंपातलं पाणी दोन दिवसांचं झालं होतं, वर तेलाचा इंद्रधनुष्यासारखा तवंग आला होता. त्यांनी जुन्या कापडानं तवंग टिपून घेतला, कापड डब्यात पिळलं, पिंपाच्या तळाचं बूच काढलं आणि बादली घेऊन नळाकडे गेल्या.